कोपरावरची पिवळी गाठ

जळगावला आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कापड रंगायचं. आजोबांच्या नखांतली निळाई ते गेले त्या दिवशीही निघालेली नव्हती. मी मॅट्रिक झालो, धुळ्याच्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत चिकटलो आणि तिथेही आयुष्यभर रंगवण्याचंच काम केलं. फक्त कापडाच्या जागी माणसाचं मांस आलं. वडिलांना हे समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "रंग पक्का बसतो ना?" बसतो म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

आता निवृत्तीनंतर दुपारी पडल्या पडल्या डोळे मिटले, की आधी माणसं आठवत नाहीत. मायक्रोस्कोपच्या नळीतून दिसणारं उजेडाचं ते गोल आंगण दिसतं. गुलाबी जमीन, तिच्यावर जांभळे ठिपके, मधूनच पांढरी रिकामी घरं. बोटाने स्क्रू हळूच फिरवला की एक थर विरघळतो आणि त्याच्याखालचा वर येतो. बाहेर धुळ्याचं ऊन माणसाला भाजून काढत असायचं, दाराखिडक्यांना वाळ्याचे ओले पडदे, आणि मी त्या गोलात तासन्‌तास फिरत असायचो. कुणी हाक मारली तर मला परत यायला वेळ लागायचा. "भावसार गेले," असं आमच्याकडच्या सिस्टरबाई म्हणत, आणि नव्या माणसाला ते ऐकून धक्का बसे.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. डॉक्टर रोग्याच्या अंगातला हरभऱ्याएवढा तुकडा काढून औषधाच्या बाटलीत घालून पाठवतात. तो आम्ही चढत्या ताकदीच्या अल्कोहोलमधून नेतो, मग झायलीन नावाच्या उग्र वासाच्या द्रवातून, आणि शेवटी वितळलेल्या मेणात बसवतो. मेण थिजलं की वडी तयार होते. त्या वडीचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे. या सगळ्या आंघोळीत एक गोष्ट मात्र हमखास धुऊन जाते, ती म्हणजे चरबी. अल्कोहोल आणि झायलीन तिला विरघळवून घेऊन जातात. पेशीत जिथे चरबीचे थेंब होते तिथे नुसती भोकं उरतात, आणि पेशी साबणाच्या फेसासारखी दिसते. आम्ही तिला फेसाळ पेशीच म्हणायचो.

आमच्या साहेबांचा या फेसाळ पेशींवर फार जीव. साहेब म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे डॉक्टर. सडसडीत, बोलायला मऊ, खिशात कायम दोन पेनं, त्यातलं एक गळकं. त्यांच्या कपाटात बरण्यांतून मेलेल्या माणसांच्या धमन्या ठेवलेल्या असत. उभी चिरलेली धमनी ते ट्रेमध्ये पसरत आणि आतल्या अंगावरचे पिवळे फराटे मला बोटाने दाखवत. विशी-पंचविशीत अपघाताने गेलेल्यांच्या धमन्यांतही ते फराटे असायचे. "हे बघा भावसार, आजार इतक्या लवकर सुरू होतो आणि माणसाला पन्नाशीपर्यंत पत्ता नसतो," असं ते म्हणत. मग मी घरी जाताना उगाच स्वतःची छाती चाचपडत जायचो.

त्यांनी मला जे समजावलं ते असं. रक्तातलं कोलेस्टेरॉल धमनीच्या भिंतीत झिरपतं. तिथे सफाई करणाऱ्या पेशी असतात, त्या ते गिळतात. पेशीच्या आत पाचक रसाच्या चिमुकल्या पिशव्या असतात. चरबीचा थेंब त्या पिशवीत गेला की त्याचे दोन भाग होतात. एक भाग जळणाला उपयोगी पडतो. दुसरा भाग म्हणजे खुद्द कोलेस्टेरॉल, आणि ते काही त्या पेशीला मोडता येत नाही. तिने ते रक्तातल्या वाहकाच्या हवाली करायचं, वाहकाने यकृताकडे न्यायचं, आणि यकृताने त्याचं पित्त करायचं. वाहक कमी पडले, किंवा गिळायला फार आलं, की पेशी बिचारी ते पोटात साठवत बसते. फुगते, फेसाळते आणि एक दिवस मरते. तिच्या पोटातलं सगळं भिंतीतच सांडतं, त्याचे काट्यांसारखे खडे बनतात, वर चुना बसतो आणि धमनी कडक होते. यातलं निम्मंअधिक त्या काळी नक्की ठरलेलं नव्हतं. मुंबईहून येणारी जुनी मासिकं वाचून साहेब अंदाज बांधायचे, काही मला फार पुढे कळलं. "खायला सांगितलं तेवढं खातात हो त्या, पण पचतं अर्धंच," असं ते त्या पेशींविषयी कळवळून बोलायचे. मलाही त्यांची दया येऊ लागली होती.

रक्तातलं कोलेस्टेरॉल मोजायची त्या वेळची पद्धत फार देखणी होती. नळीत दोन तीव्र रसायनं घालायची आणि नळी अंधाऱ्या कपाटात ठेवायची. आधी गुलाबी, मग जांभळट, मग निळा असे रंग फिरत फिरत शेवटी गर्द हिरवा रंग यायचा. जितका गर्द तितकं कोलेस्टेरॉल जास्त. नळीत पाण्याचा थेंब राहिला तर सगळं मुसळ केरात, आणि मे महिन्यात तर रंग असा घाईघाईने येऊन उतरायचा की डोळा चुकवून चालत नसे.

बोदवडचे एक शेठ, मूळचे मारवाडातले, एकदा पितळी डब्यात घरचं तूप घेऊन आले. "माझं रक्त कशाला काढता? हे तपासा. यात निघालं तर गाय बदलतो," म्हणाले. साहेबांनी चेहरा गंभीर ठेवून खरोखरच तूप तपासायला लावलं. हिरवा रंग आला. शेठजींनी नळी खिडकीपाशी उजेडात धरली, कौतुकाने पाहिली आणि म्हणाले, "बघा, रंगसुद्धा किती चांगला आहे!" गाय काही त्यांनी बदलली नाही.

पेशीतली चरबी न घालवता पाहायची असेल तर एकच मार्ग होता. तुकडा मेणात न घालता गोठवायचा आणि तसाच कापायचा. त्यासाठी गॅसचं नळकांडं लागे, आणि तो गॅस धुळ्यात फक्त रशीदभाईंच्या सोडावॉटरच्या कारखान्यात मिळायचा. गोटीच्या बाटल्यांत जो गॅस भरतात तोच. रशीदभाई सायकलच्या कॅरियरला नळकांडं बांधून स्वतः आणून द्यायचे आणि तुकडा पांढरा होऊन गोठताना पाहायला थांबायचे. "हमारे सोडे से डाक्टरी भी चलती है, घर में कोई मानता नहीं," असं त्यांचं गाऱ्हाणं असायचं. पण हा खटाटोप आम्ही वर्षातून चार-दोनदाच करायचो. एरवी सगळ्या तुकड्यांना मेण.

बांगलादेशचं युद्ध झालं त्याच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट असेल. दोंडाईच्याच्या एका डॉक्टरांकडून बाटली आली. चिठ्ठीत एवढंच होतं: बाई, वय पंचवीस, कोपरांवर, बोटांच्या सांध्यांवर गाठी, महारोग आहे काय? बाई आम्ही पाहिली नाही. आमच्याकडे माणूस क्वचितच येतं, त्याचा तुकडा येतो.

तुकडा लहानसा होता. मी तो नेहमीप्रमाणे अख्खाच्या अख्खा मेणात घातला. काप काढला, रंगवला, आणि गोलात पाहिलं तर सगळीकडे फेसाळ पेशी. साहेबांनीही पाहिलं.

"भावसार, अशा पेशी महारोगात असतात आणि चरबीच्या गाठीतही असतात," ते म्हणाले. "तुकडा थोडा राखलाय ना? गोठवून चरबीचा रंग देऊ."

"नाही साहेब. सगळा मेणात गेला."

"मग चरबी गेली. आता जंतू शोधा."

महारोगाचे जंतू आणि क्षयाचे जंतू एकाच रंगाने रंगतात. निळ्या जमिनीवर लाल काड्या दिसतात. त्या दिवशी सकाळपासून मी क्षयाच्या थुंकीच्या काचा रंगवत होतो. काच धुतली की टीपकागदाने टिपून कोरडी करायची. प्रत्येक काचेला नवा टीपकागद घ्यायचा हा नियम. पण टीपकागद महिनोन्‌महिने यायचा नाही, आणि आमच्या रंगाऱ्यांच्या घरात चिंधीसुद्धा फेकायची सवय नाही. एकच पट्टी मी कोरड्या कोपऱ्याने फिरवून फिरवून दहा काचांना वापरायचो. काटकसरीचा मला अभिमानच होता म्हणा ना. त्याच पट्टीने मी दोंडाईच्याची काच टिपली.

मला चार लाल काड्या सापडल्या. साहेबांना दाखवल्या. त्यांनी पाहिल्या, सुस्कारा टाकला आणि गळक्या पेनाने रिपोर्टवर सही केली. मी पाकीट चिकटवून टपालात टाकलं, आणि पुढच्या बाटलीकडे वळलो.

सात-आठ महिन्यांनी, आषाढ सरता सरता, एक उंच शेतकरी माणूस बहिणीला घेऊन आमच्या दारात उभा राहिला. साक्रीकडच्या एका खेड्यातला. नाव आनंदा. बहीण विमल. ती उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती, पदर ओढून भिंतीला टेकून बाहेरच उभी होती. आनंदाने घडी झिजलेला कागद पुढे केला. आमचाच रिपोर्ट होता.

"साहेब, हाऊ कागद ऊना आनि हिले घरबाहेर काढं," तो म्हणाला. "पहिले गोठामा ठेवं, मंग मनाकडे धाडी दिनं. पोर ठेई लिनी. चार वरीसनी पोर शे, मायले भेटू देतस नही. महारोगन्या गोया खाईसन गाठी काही कमी व्हतीस नही."

साहेब उठून बाहेर गेले आणि तिला हाताला धरून आत घेऊन आले. ती इतकी दचकली की मला आजही ते आठवतं. किती महिन्यांत तिला कुणी शिवलं नव्हतं कुणास ठाऊक. साहेबांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि गाठींवरून, हातांवरून आधी कापूस, मग टाचणी फिरवली. तिने प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं.

"माले बठ्ठं समजस," ती हलकेच म्हणाली. "भाकर करताना चटका बसस तो बी समजस. मी सासूले सांगं, महारोगवालीले चटका समजस नही. पण कागद मोठा शे ना, साहेब."

साहेबांनी तिला खिडकीत उजेडाकडे तोंड करून बसवलं. कोपरावरच्या गाठी पिवळ्या होत्या, पिकल्या लिंबासारख्या. डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढुरकी कड होती, जी म्हाताऱ्यांना असते. "वडील आहेत?" त्यांनी विचारलं. आनंदा म्हणाला, बाप चाळिशीच्या आत गेला, औत धरलेलं असताना छातीत कळ आली आणि तासाभरात संपला.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "रशीदभाईंना निरोप पाठवा," म्हणाले.

त्या दुपारी विमलच्या कोपरावरून नवा तुकडा निघाला आणि मी तो सोड्याच्या गॅसने गोठवला. काप काढला, चरबीचा लाल रंग दिला आणि काच मायक्रोस्कोपखाली सरकवली. पूर्वी जिथे नुसती भोकं दिसली होती तिथे आता प्रत्येक पेशी शेंदरी थेंबांनी गच्च भरलेली होती. एकही घर रिकामं नव्हतं. धमनीच्या भिंतीत लपून जे चालतं ते या बाईच्या कोपरावर उघड्यावर चाललं होतं. त्या पेशी गिळत होत्या, अर्धंमुर्धं पचवत होत्या, आणि उरलेलं नेणारं कुणी येत नव्हतं. मी किती वेळ पाहत बसलो ते कळलं नाही. इतकं सुंदर मी क्वचित पाहिलं आहे, आणि असं वाटल्याची लाजही वाटली. रक्ताची नळी हिरवी झाली ती इतकी गर्द, की रक्त पातळ करून पुन्हा मोजावं लागलं. जंतूंसाठी काच रंगवली, नव्या कोऱ्या टीपकागदाने टिपली. एकही काडी नव्हती.

मग त्या पहिल्या चार काड्या कुठून आल्या? साहेबांनी विचारलं नाही. पण मी जुनी काच डब्यातून काढली आणि एकट्यानेच लावली. स्क्रू फिरवला. पेशी स्पष्ट झाल्या, काड्या दिसेनात. स्क्रू किंचित उलटा फिरवला. काड्या स्पष्ट झाल्या आणि पेशी धूसर झाल्या. काड्या पेशींच्या पोटात नव्हत्याच, त्या वर येऊन पडल्या होत्या. कुणातरी क्षयाच्या रोग्याच्या थुंकीतून माझ्या टीपकागदाला लागून आल्या होत्या. ही गोष्ट माझ्याखेरीज कुणालाही कधी कळली नसती. काच हातातून पडली असती तरी भागलं असतं.

मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सही माझी आहे. मीही स्क्रू फिरवायला हवा होता," ते म्हणाले. मग म्हणाले, "नवा रिपोर्ट पोस्टाने पाठवू नका. तुम्ही घेऊन जा. तिला तिच्या घरात बसवून या."

निघताना त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं. विमलचं लग्न नात्यातलं होतं, सख्ख्या आत्याच्या मुलाला दिलेली. "म्हणजे रक्त एकच," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "दोन्ही बाजूंनी आलं असेल तर मुलांत लहानपणीच दिसतं आणि मुलं फार दिवस काढत नाहीत. पोरीच्या टाचा, कोपरं बघून या. गाजावाजा करू नका." यावर औषध आहे का, असं मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्या काळी नव्हतंच.

श्रावण लागला होता. आनंदा, विमल आणि मी दोंडाईच्याची एसटी पकडली. पुढे बैलगाडीने दोन कोस. तिचा नवरा मिरचीच्या आडतीवर कामाला गेलेला होता. घरात सासू होती, गावात तिला सगळे अक्का म्हणत. ठसठशीत कुंकू, करडा आवाज. दोन दिवसांवर कानबाईचा सण आला होता आणि अक्का ओट्यावर नैवेद्याच्या रोटांसाठी गहू निवडत बसली होती. आमच्या खानदेशात कानबाईचे रोट घरच्या भाऊबंदांनीच खायचे असतात, परक्याला त्यातला तुकडाही मिळत नाही. मागल्या श्रावणात विमलने ते केले होते. यंदा तिचं नावसुद्धा कुणी काढलेलं नव्हतं. शेजारच्या बाया हळूहळू जमल्या.

मी नवा कागद वाचून दाखवला. अक्काने शांतपणे ऐकून घेतलं.

"पहिला कागद बी तुमनाच व्हता ना?" ती म्हणाली. "तो खोटा, मंग हाऊ खरा कशावरतीन?"

याला माझ्यापाशी एकच उत्तर होतं. "अक्का, पहिला कागद माझ्या हातून चुकला. दुसऱ्याच रोग्याचे जंतू माझ्या कागदाने हिच्या काचेवर आले. हिच्या अंगात ते कधीच नव्हते. चूक माझी आहे." मी विमलकडे पाणी मागितलं. तिने सासूकडे पाहिलं, मग माठातून तांब्या भरून आणला. मी तो तिच्या हातून घेतला आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यालो. बायांत कुजबुज झाली, पण अक्का जागची हलली नाही.

तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं. दोन्ही वरच्या पापण्यांवर, नाकाकडच्या बाजूला, मला पिवळे चट्टे दिसले.

"अक्का, हे डोळ्यावरचं कधीपासून आहे?"

"हाई?" तिने बोट लावून पाहिलं. "हाई तं मन्हा बापले बी व्हतं, भाऊले बी व्हतं. आमना घरनी खूण शे." सांगताना तिला अभिमान वाटत होता.

मी तिला सांगितलं, की तुमच्या पापणीतली ही चरबी आणि विमलच्या कोपरावरची एकच. ही चरबी रक्तात जास्त होते आणि अंगाला ती मोडता येत नाही. शिवून, एका ताटात जेवून कुणाला होत नाही, ती आईबापाच्या रक्तातून येते. तुमचा भाऊ, विमलचा बाप, औतामागे गेला तो हिनेच. अक्काचे सुपातले हात थांबले.

"म्हंजे हिनी काही आनं नही?" तिने विचारलं. "हाई मन्हा घरनंच शे?"

"हो."

तिने विमलकडे पाहिलं. मग तोंडावर पदर घेऊन मोठ्याने रडायला लागली. "मन्हा भाऊनी पोर, आनि मी तिले गोठामा निजाडी," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. रडणं ओसरल्यावर तिने सूप विमलपुढे सरकवलं. "निवड," म्हणाली. विमल ओट्यावर चढली आणि गहू निवडायला बसली.

घरातून एक पोर धावत आली आणि विमलच्या पाठीला बिलगली. हीच तिची लेक, छबी. पायात चांदीचे जाडजूड वाळे, चालताना खुळखुळणारे. मी तिची कोपरं पाहिली, स्वच्छ होती. मला इतकं हायसं वाटलं, की मी चहा मागून घेतला. तेवढ्यात अक्काने पोरीला जवळ ओढलं, तिच्या पायातला वाळा वर सरकवला आणि तो पाय माझ्यापुढे धरला.

"मंग हाई काय शे, भाऊ? आजच दिसनं."

टाचेच्या वर, शिरेवर, ज्वारीच्या दाण्याएवढी पिवळी गाठ होती. दोन्ही पायांना. सगळ्या बाया मान पुढे करून पाहत होत्या. गव्हात चालणारी विमलची बोटं थांबलेली मला दिसली, पण तिने मान वर केली नाही.

"काही नाही अक्का," मी म्हणालो. "वाळा घासून घट्टा पडलाय."

पहिला खोटा रिपोर्ट माझ्या हातून नकळत गेला होता. हा मी समजून उमजून दिला. धुळ्याला परतल्यावर साहेबांना मात्र खरं ते सांगितलं. त्यांनी विमलला निरोप धाडून दर श्रावणात पोरीला दाखवायला बोलावलं. चार वर्षं ती छबीला घेऊन येत राहिली. दरवर्षी नळी हिरवीगार व्हायची, साहेब तेल-तूप टाळायला सांगायचे आणि पोर आमच्या बाकावर पाय हलवत बसायची. पाचव्या श्रावणात विमल एकटीच आली. याच्या पुढचं माझ्याने लिहवत नाही. पेशी रक्तातली चरबी कशी मोडते, कशी मोडू शकत नाही, यावर आता पुस्तकंच्या पुस्तकं झाली आहेत आणि औषधंही आली आहेत. ती वाचताना मला पोरीचं वय आठवतं आणि मी पुस्तक मिटून ठेवतो.

पण त्या दिवशीचं थोडं सांगायचं राहिलं. मला गाडीरस्त्यापर्यंत पोचवायला विमल आली होती, छबीला कडेवर घेऊन. आनंदा गाडी जुंपायला पुढे गेला होता. इतक्या महिन्यांनी लेक अंगाला लागली होती, आणि तिचा चेहरा ओळखू येत नव्हता इतका बदलला होता.

"दादा, तुमी मघाशी खोटं बोलनात," ती म्हणाली.

मी चालता चालता थांबलो.

"माले माहीत शे. ती दूध पेये तव्हयपासून मी देखेल शे. म्हनीसन तं मी वाळा घाला, मोठा, जाड. गोठामा निजाले माले काही नही वाटनं, दादा. मनं ध्यान बठ्ठं तिना पायवर. मी आठे नही, कोनी वाळा काढी आनि देखी, मंग तिले बी गोठामा निजाडतीन. चार वरीसनी पोर एकली कशी निजी?"

मला तिची माफी मागायची होती, सबंध वाटभर मनाशी जुळवून ठेवलेली वाक्यं होती, पण त्यातलं एकही बाहेर आलं नाही. आनंदाने हाक मारली. मी गाडीत बसलो.

गाडी वळणावर गेली तेव्हा मी मागे पाहिलं. विमल रस्त्याच्या कडेला उकिडवी बसली होती आणि लेकीच्या पायातला वाळा ओढून खाली, टाचेपर्यंत आणत होती.